अठरा ओलांडल्यावर दात दुखला तर: कोल्हापुरात फुकट किंवा कमी पैशात इलाज कसा करून घ्यायचा

सुरुवात माझ्या दाढेपासनं करतो कारण चूक माझीच होती. दोन हंगामांमागं मित्राच्या गुऱ्हाळावर गेलेलो, काकवी झाली, गरम गूळ झाला, मग कुणीतरी ऊस मोडून हातात दिला आणि मी शहाण्यानं कोयता न मागता दातानंच सोलायला घेतला. दुसऱ्या पेराला खालच्या डाव्या दाढेचा कोपरा कट्‌कन निघाला, चिपाडात एक पांढरा खडा. दुखलं अजिबात नाही. जिभेला खड्डा लागायचा तेवढंच, म्हटलं बघू नंतर. मग गार पाणी पिलं की सणक, मग गरम चहाला सणक, आणि चार महिन्यांनी एका रात्री असा ठणका लागला की राजारामपुरीतल्या आमच्या रूमवर मी पहाटे तीनला गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो. सकाळी जवळच्या एका क्लिनिकात गेलो, त्यांनी रूट कॅनाल (दाताच्या आतली किडलेली नस काढून पोकळी भरणं) आणि वर कॅप मिळून आठ हजार सांगितले. रूमचं माझ्या वाटणीचं भाडं अडीच हजार. मी आपला गोळी लिहून घेऊन परत.

गंमत म्हणजे त्याच सुमाराला आमचा चंदगडकडचा रूममेट सुट्टीत गावाकडं गेलेला, त्याच्या दाढेला नुसता काळा ठिपका होता, तो तिकडच्या सरकारी दवाखान्यात जाऊन वीस मिनिटांत सिमेंट भरून आला. खर्च शून्य. मला म्हणाला, "भावा, तू चार म्हैनं कशाची वाट बघत हुतास?" उत्तर नव्हतं माझ्याकडं.

म्हणून हे लिहितोय. सरकारी फुकट इलाज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, खोटं नाही, पण तो कीड लहान असताना जातो त्याच्या कामाचा. दात भरणे, दात काढणे, साफ करणे, छोटा एक्स-रे ही कामं सरकारीत होतात. एकदा कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली की रूट कॅनाल आणि कॅप लागते, आणि तिथं फुकटचा रस्ता अरुंद होतो, बऱ्याचदा "काढून टाकू" हाच पर्याय पुढं येतो. म्हणजे उशीर केला की नुसते पैसे जातात असं नाही, दातच जातो.

आधी हे समजून घ्या की अठरानंतर आपल्याला कुणी बोलवत नाही. शाळेत असताना गाडीतनं डॉक्टर यायचे, तोंड उघडायला लावायचे, बॅटरी मारायचे, आठवतंय का? ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, २०१३ पासनं सुरू आहे, जन्मापासनं अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी, आणि त्यात दाताची कीडपण तपासतात. शाळेत वर्षातनं एकदा, अंगणवाडीत दोनदा. घरात धाकटं भावंड असेल तर त्याचा फायदा आत्ताच घ्या, पथकानं चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरात कुजू देऊ नका. पण बारावी झाली, पोरगं कॉलेजला किंवा एमआयडीसीत लागलं, की ती गाडी बंद. आणि नेमकं ह्याच वयात अक्कलदाढा यायला लागतात, मेसचं खाणं, रात्री अकराला चहा-क्रीमरोल, मावा-गुटखा सगळं सुरू होतं. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२१ पासनं २६ वर्षांखालच्या सगळ्यांना सरकारी दातांचा इलाज फुकट आहे, स्वीडनमध्ये तेविसाव्या वर्षापर्यंत होता तो २०२५ पासनं एकोणिसावर आणला, म्हणजे तिकडंपण ह्या वयावरनं मागं-पुढं चाललंय. आपल्याकडं वयाची अशी वेगळी सवलत नाही, पण एक गोष्ट चांगली झालीय जी लई जणांना माहितीच नाही.

ती अशी. १५ ऑगस्ट २०२३ पासनं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, राज्यभरात मिळून २४१८ ठिकाणं. केस पेपरचे पैसेपण नाहीत. रेशन कार्ड पिवळं का केशरी का पांढरं हा प्रश्न नाही, वयाचा प्रश्न नाही, कोण कुठल्या तालुक्याचा हापण नाही. म्हणजे तुम्ही गडहिंग्लजचे असून कोल्हापुरात शिकत असला तरी सुट्टीत गावी गेल्यावर गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवू शकता. तसंच कोडोलीचं उपजिल्हा रुग्णालय, इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय, शहरात कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय, ही सगळी आरोग्य विभागाची.

आता सीपीआर. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, टाऊन हॉलजवळची ती दगडी इमारत, कोल्हापूरचं कुणीही सांगेल. ते राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, आरोग्य विभागाखाली नाही. त्यामुळं वरचा मोफतचा निर्णय तिथं तसाच्या तसा धरून जाऊ नका. केस पेपर, एक्स-रे ह्याला थोडेफार पैसे पडू शकतात, बाहेरच्या क्लिनिकच्या मानानं किरकोळ. खिशात शंभर-दोनशे सुट्टे ठेवा, पाचशेची नोट घेऊन केस पेपरच्या खिडकीवर उभं राहू नका, मागची रांग काय बोलते ते ऐकवत नाही. पिवळं रेशन कार्ड असेल तर सोबत न्या आणि खिडकीवर आधीच दाखवा.

कुठं जायचं ते असं ठरवा. काळा ठिपका, गार पाण्याला क्षणभर सणक, हिरडीतनं रक्त, तोंडाला वास, हलणारा किंवा किडून गेलेला दात, ह्याला जवळचं उपजिल्हा रुग्णालय बास. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दातांचे डॉक्टर नसतात, तिथं फार तर गोळ्या मिळतील आणि पुढं चिठ्ठी मिळेल. ग्रामीण रुग्णालयात काही ठिकाणी डेंटिस्ट असतात, काही ठिकाणी ठराविक वारीच येतात, त्यामुळं गाडीला किक मारायच्या आधी फोन करा नाहीतर गावातल्या आशाताईंना विचारा, त्यांना कुठला डॉक्टर कुठल्या वारी बसतो हे तोंडपाठ असतं. अक्कलदाढ आडवी अडकलीय, जबड्याचं काही आहे, तोंड नीट उघडत नाही, तर सीपीआर. रूट कॅनाल, कॅप, तारा, कवळी असलं काही हवं असेल तर डेंटल कॉलेज, त्यावर खाली सविस्तर सांगतो.

जायचं सकाळीच. ओपीडी म्हणजे सकाळचं काम, बाराला डुलत गेलात तर केस पेपर मिळेलही पण खुर्ची मिळणार नाही. आधार कार्ड, रेशन कार्डची झेरॉक्स, मोबाईल चार्ज केलेला, आणि आधी कुठं दाखवलं असेल तर ते कागद आणि एक्स-रे. मोबाईलमध्ये आभा नंबर (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) काढून ठेवा, चौदा आकडी असतो, आधारवरनं दोन मिनिटांत निघतो. बऱ्याच सरकारी ठिकाणी आता दारात क्यूआर लावलेला असतो, तो स्कॅन केला की नाव-वय आपोआप जातं आणि टोकन येतं, नाव सांगायच्या रांगेत उभं रहायला लागत नाही. खिडकीवर "दात" एवढंच सांगा. मी पहिल्यांदा एका ठिकाणी "तोंडात दुखतंय" म्हणालो तर मला कान-नाक-घशाच्या दारात बसवलं, तिथं माझा पाऊण तास गेला. कुणाची चूक नाही, मी बोललोच तसं.

आणि नाश्ता करून जा. हे लई महत्त्वाचं आहे, लोक रक्त तपासणीसारखं उपाशी जातात. दात सुन्न करायचं इंजेक्शन उपाशीपोटी घेतलं की चक्कर येऊ शकते, माझ्या डोळ्यांसमोर एक चांगला तालमीत जाणारा गडी खुर्चीत पांढरा पडलेला. पोहे खा, भाकरी खा, पण खाऊन जा, आणि ब्रश करून जा, समोरच्यालापण नाक आहे.

खुर्चीत बसल्यावर डॉक्टर विचारतात काय होतंय, तेव्हा "दुखतंय" एवढ्यानं भागत नाही. गारानं दुखतं का गरमानं? लगेच थांबतं का मिनिटभर ठणकत रहातं? रात्री झोपेतनं उठवतं का? चावताना दुखतं का? ह्यावरनंच त्यांना अर्धं कळतं. गार लागलं आणि दोन सेकंदांत थांबलं तर बहुतेक भरून भागतं. गरमानं दुखून रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणका येत असेल तर कीड नसेला पोचलेली असायची शक्यता मोठी. आणि एक फसवणूक सांगतो, ठणकून ठणकून दात एके दिवशी अचानक शांत होतो, आपल्याला वाटतं बरा झाला. बरा नाही, आतली नस मेली. पू खाली मुळाशी जमत असतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी गाल फुगवून वर येतो.

शुगर, दमा, हृदयाचं काही, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, कुठल्या औषधाची ॲलर्जी, दिवस गेलेले असले तर ते, हे सगळं न विचारता सांगायचं. तंबाखू खात असाल तर तेपण. मावा खाणाऱ्या पोरांसाठी एक साधी तपासणी घरीच होते, आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट जिभेला लागलं की आग होत असेल, गालाच्या आत पांढरट कडक पट्टा लागत असेल तर दात राहू दे बाजूला, त्यासाठी आधी सीपीआर गाठा. कोल्हापुरात तांबडा रस्सा खाववत नाही म्हणून पोरगं पांढऱ्या रश्श्यावर आलं आणि घरच्यांना वाटलं पथ्य करतंय, असलं उदाहरण आमच्या ओळखीत आहे. गुटख्याला राज्यात २०१२ पासनं बंदी आहे, तरी कुठं मिळतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

बरं, आता समजा डॉक्टर म्हणाले की दाढ काढायला लागेल. लगेच हो म्हणू नका, लगेच भांडूपण नका. शांतपणे विचारा, "डॉक्टर, ही वाचण्यासारखी आहे का? रूट कॅनाल केलं तर टिकेल का?" टिकेल म्हणाले तर पुढचा प्रश्न, "इथं होतं का, नाहीतर कुठं पाठवाल?" सरकारी ठिकाणी रूट कॅनाल तिथल्या सामानावर आणि गर्दीवर असतं, एका दाढेला तीन-तीन वेळा यायला लागतं आणि बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. माझ्या वेळी डॉक्टर बाई चांगल्या होत्या, एक्स-रे उजेडाकडं धरून मला दाखवला, "हे बघ बाळ, हा काळा डाग इथपर्यंत आलाय, ऊस निमित्त झाला, आतनं पोकळ आधीच झालेली." आणि म्हणाल्या डेंटल कॉलेजला जा, दाढ ठेव.

डेंटल कॉलेजचं गणित असं. सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी लांब लांब आहेत, कोल्हापुरात नाही. पण खाजगी कॉलेजं आसपास आहेत. हातकणंगले तालुक्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे, हायवेनं वाठारला उतरून वारणानगरच्या रस्त्याला लागलं की येतं. सांगलीला दोन, वानलेसवाडीचं भारती विद्यापीठाचं आणि तासगाव रोडला कवलापूरचं वसंतदादा पाटील. कराडला कृष्णाचं. इथं सगळं फुकट नसतं, पण पोरांना शिकायला पेशंट लागतात म्हणून दर क्लिनिकच्या मानानं लई कमी असतात. बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदवी, चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, एमडीएस म्हणजे त्यापुढचं तीन वर्षांचं शिक्षण, आणि प्रत्येकाला ठराविक केसेस पूर्ण करायला लागतात. म्हणजे तुम्हाला त्यांची जेवढी गरज असते तेवढीच त्यांना तुमची. तुमची दाढ त्याच्या कोट्यात बसली की पोरगं स्वतः फोन करून बोलवतं, "दादा, उद्या येताय ना?"

शिकाऊ हात म्हणून घाबरू नका, प्रत्येक टप्प्यावर मागं सर येऊन बघतात, सही केल्याशिवाय पुढं जात नाहीत. त्रास वेळेचा आहे. जे क्लिनिकात पाऊण तासात होतं त्याला तिथं अडीच तास लागतात, तोंड उघडं धरून जबडा अवघडतो. मला चार फेऱ्या लागल्या, रूट कॅनाल आणि कॅप धरून क्लिनिकच्या आकड्याच्या निम्म्याच्या आतच आलं, एसटीचं तिकीट धरून. अवघड दाढ असेल तर पीजीच्या, म्हणजे एमडीएसवाल्यांच्या, विभागात पाठवा म्हणून सांगा. आणि परीक्षेच्या, सुट्टीच्या काळात मधेच काम अडकतं, त्यामुळं सुरू करायच्या आधी विचारा की पुढचा महिनाभर तुम्ही आहात का. अर्धवट रूट कॅनाल तसंच सोडणं म्हणजे घराचं दार उघडं टाकून जत्रेला जाणं.

योजनांबद्दल लोक विचारतात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दात बसतो का. साधं भरणं, रूट कॅनाल, कॅप ह्यासाठी योजनेचं कार्ड घेऊन फिरू नका. पण गाडीवरनं पडून जबडा मोडला, तोंडाचा कॅन्सर निघाला, असल्या मोठ्या कामाला योजनेतल्या दवाखान्यात उपयोग होतो, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, पैसे भरायच्या आधी त्याला गाठायचं, नंतर नाही. हेल्पलाईन १५५३८८.

शिबिरांचं पण तसंच. गणपतीत, जयंतीला मंडळं दंततपासणी शिबिर ठेवतात, तपासणी फुकट असते, उपचार नाही. जा जरूर, पण तिथं मिळालेला कागद घेऊन दुसऱ्या दिवशी ओपीडी गाठा, नाहीतर तो कागद आणि फुकटची टूथपेस्ट एवढंच हातात रहातं.

रांग वगैरे विसरून लगेच कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात, जायचं ते कधी, हे नीट वाचा. गालाची सूज डोळ्याकडं किंवा हनुवटीखाली गळ्याकडं सरकतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, थुंकी गिळताना त्रास होतोय, दम लागतोय, ह्यातलं काहीही असेल तर रात्र आहे, रविवार आहे बघायचं नाही, १०८ ला फोन करा किंवा थेट सीपीआर. खालच्या दाढेचा पू गळ्यात उतरला की श्वास बंद होऊ शकतो. आणि सुजेवर बाहेरनं गरम पिशवी ठेवू नका, आज्जीनं सांगितलं तरी नाही.

दुसरी घाईची वेळ म्हणजे पक्का दात मुळासकट बाहेर पडला तर. कबड्डीत, गाडीवरनं, कशानंही. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, रुमालात गुंडाळायचा नाही. माती लागली असेल तर हळूच धुऊन घ्या आणि गार दुधात टाकून अर्ध्या-पाऊण तासात डेंटिस्टकडं पोचा, परत बसू शकतो. दूध कोल्हापुरात मिळत नाही असं कुणी म्हणू नये.

ओपीडी उघडेपर्यंतची रात्र काढायची असेल तर कोमट पाण्यात मीठ टाकून चुळा, पॅरासिटामॉल चालत असेल तर ती पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, डोकं उशीवर उंच. लवंगेचं तेल कापसाला थोडं लावून दाढेत चालतं, हिरडीवर ओतायचं नाही, भाजतं. गोळी हिरडीवर चुरून ठेवायचा प्रकार तर अजिबात नको, आमच्या रूमवर एकानं केलेलं, दात दुखायचा राहिला बाजूला आणि गालाची आतनं साल निघाली. मेडिकलवाल्याकडनं स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक घेऊ नका, कीड गोळीनं भरून येत नाही.

दाढ काढायलाच लागली तर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरा, सारखा काढून बघू नका. थुंकायचं नाही, त्या दिवशी चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही, तंबाखू-सिगारेट तर नाहीच. खड्ड्यात रक्ताची गाठ बसलेली असते तीच जखम भरते, ती निघून गेली की दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो की आधीचा बरा होता म्हणाल. तसं झालं तर परत त्याच ओपीडीला जा, औषधाची पट्टी ठेवून देतात. जेवायला गार आणि मऊ, दहीभात, आईस्क्रीम, मिसळ चार दिवस लांब. दुसऱ्या दिवसापासनं मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा. केस पेपर फेकू नका, पुढच्या वेळी तोच दाखवायचा. मी माझा आणि एक्स-रे मोबाईलच्या कव्हरमध्ये घडी घालून ठेवलाय, आणि गुऱ्हाळावर गेलो की आता कोयता मागतो.